खुंटीवरचा हार

"मॅडम, डुकरांस्नी आचारसंहिता लागू हाय का, तेवढं सांगा," आमचे मालक म्हणाले. "लागू आसंल तर आत्ता देतो बंदूक."

हवालदार मगदूम बाई आमच्या पुढच्या सोप्यात बसून बशीतला चहा फुंकत होत्या. आमची वाडी आजऱ्याच्या वर डोंगरात. एसटी फाट्यावर सोडते आणि पुढचा चढ ज्याचा त्यानं चढायचा. बाई तो चढ चढून आल्या होत्या, खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी सावकाश बशी खाली ठेवली.

"डुकरांची तक्रार वनखात्याकडं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं माणसांचं काम. परवान्याची बंदूक इलेक्शन होईस्तोवर ठाण्यात जमा करायची. मागच्या हप्त्यात निरोप धाडला होता. तुम्ही आला नाही, म्हणून मी आले."

त्या साली विधानसभेचं इलेक्शन ऐन दसरा-दिवाळीच्या मधेच आलं होतं. भात पोटरीतनं बाहेर पडून भरत आलेलं, आणि नेमकी तेव्हाच रानडुकरं जंगलातनं खाली उतरतात. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी शेतात भात नसतं, चिखल असतो. आमची ठासणीची एकनळी होती, सासऱ्यांच्या वेळची, पीक राखायच्या परवान्याची. सुगी आली की मालक ती ठासून, भरूनच ठेवायचे. ठासायला वेळ लागतो, आणि डुक्कर काही तोवर थांबत नाही. माजघरात शिसवी खुंटी होती, तिला पट्ट्यानं टांगलेली असायची. झोपेत उठले तरी न बघता हात तिथंच जायचा.

"माझ्यावर एक केस दाखवा," मालक म्हणाले. "मारामारीची ऱ्हाऊ दे, शिवी दिल्याली दाखवा."

"केस होईस्तोवर कुणावरच केस नसती, दादा."

आता माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे. मी आतनं म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय."

बाई माझ्याकडं वळल्या. हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. "वैनी, संन्याशानं मग बंदूक कशाला बाळगावी?"

मालकांनाच हसू फुटलं. माझं तोंड बंद झालेलं त्यांनी लग्नापासनं पहिल्यांदा बघितलं असेल. पण हसले म्हणून ऐकले असं नाही. गावच्या पुढाऱ्याला फोन लावून बघितला, तो उचलेना. शेवटी पट्ट्यासकट बंदूक खाली काढली.

"भरलेली मी नेणार नाही," बाई म्हणाल्या. "बार काढा आधी."

मालक मागच्या परड्यात गेले, नळी आभाळाकडं केली. बार असा दणकला की वाडीतली कुत्री गप झाली आणि फणसावरचे बगळे उडाले. शेजारच्या घरातनं चाळोबा धावत आला. हा मालकांचा सख्खा चुलतभाऊ. आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत आणि दोघांच्या शेतांत एक बांध. मालक पहाटे बार काढायचे ते दोन्ही शेतांसाठी. चाळोबाकडं बंदूक नव्हती, लागतही नव्हती.

"दादा, आता भातं कोण राखायची?" तो म्हणाला.

"ह्या बाईंस्नी इचार," मालक म्हणाले.

बाईंनी पोचपावती दिली, बंदूक खांद्याला लावली आणि आल्या तशा उतरून गेल्या. मी मागनं दोन वाईटसाईट शब्द बोलले. ते इथं सांगत नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली. कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. दर साली मधोमध बंदूक असायची. मालक तोंड पाडून पाटावर बसलेले. चाळोबाच्या बायकोला दिवस गेलेले, तिला काम जमत नव्हतं म्हणून त्यांच्या कोयत्यांची पूजाही आमच्याकडंच होती.

"बापाच्या काळापास्नं मोडली न्हवती पूजा," मालक म्हणाले. "ह्या साली मोडली."

"मोडतीय कशाला?" मी म्हटलं. मला चेष्टा सुचली. झेंडूचा एक हार जास्तीचा होता तो उचलला, माजघरात गेले आणि रिकाम्या खुंटीला घातला. हळद-कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या. "घ्या. बंदूक न्हाई तर तिची जागा तर हाय. खुंटीनं काय पाप केलंय?"

"येडी का खुळी तू," मालक म्हणाले. पण उठले, खुंटीला हात जोडले. चाळोबानंही जोडले. दोघं हसायला लागले. बरं वाटलं मला, घरातलं तोंड पाडून बसणं मला सहन होत नाही. दसऱ्यानंतर सगळ्या हत्यारांचे हार काढून परड्यात टाकले, खुंटीचा तेवढा तसाच राहिला. उंच होता आणि आळस, दुसरं काय.

दसरा झाला आणि डुकरं आली. आमच्या वरच्या वाफ्याचा चिखल केला. चाळोबाचा बांधाकडचा निम्मा वाफा आडवा केला. मालकांनी डबे वाजवले, टायर पेटवलं. चाळोबा नुसता बांधावर बसून राहिला. घरात खाणारी तोंडं, येणारं बाळ, आणि वर्षाचं भात ते तेवढंच. मी त्याला भाकरी दिली तर म्हणाला, "वैनी, करतो कायतरी मी." काय करणार ते बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

त्यानं केलं ते असं. पाण्याच्या मोटारीच्या पेटीतनं वायर काढली आणि बांधाला खुंट्या रोवून उघडी तार ओढली. रात्री आकडा टाकून तारेत लाईट सोडायची आणि पहाटे माणसं उठायच्या आत आकडा काढायचा. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. त्या रात्री ती मध्येच गेली. गेली म्हणजे आता दुसऱ्या दिवशीच यायची, असा आमच्याकडचा हिशेब. चाळोबा आकडा न काढता घरी येऊन झोपला. पहाटे लाईट कुणाला न विचारता परत आली.

मी उजाडताना चंद्रीला घेऊन ओहोळाकडं निघाले होते. चंद्री माझी म्हैस. रेडकू असल्यापासनं माझ्या हातची, माझ्या आवाजाला कान वळवणारी. गाभण होती, दिवाळीनंतर व्यायची. कासरा माझ्या मनगटाला गुंडाळलेला. दवानं गवत भिजलेलं, पाऊलवाट चिखलाची. बांधापाशी माझी चप्पल चिखलात रुतली. ओढली तर पट्टा तुटायला लागला. मी कासरा सोडला, खाली वाकले आणि दोन्ही हातांनी चप्पल काढायला लागले.

चंद्री चार पावलं पुढं गेली. चाळोबाच्या बांधावरचं हिरवं गवत बघून तिनं मान लांब केली. ओरडली नाही. पाय एकदम ताठ झाले आणि ती कुशीवर पडली. मी चप्पल टाकून धावले, हातभरावर गेले तेव्हा तार दिसली. तशीच मागं बसले आणि मग माझा आवाज फुटला.

शेत घराच्या मागंच, हाकेवर. मालक वाळका बांबू घेऊन आले, तार उडवली. मग चंद्रीपाशी बसून तिच्या डोळ्यावर हात ठेवला. गेली होती. पोटातलंही गेलं होतं. मला वाटलं आता ते रडतील. पण ते कासऱ्याकडं बघत होते. ओल्या गवतात पडलेला ओला कासरा. मग माझ्या मनगटाकडं बघितलं, तिथं त्या कासऱ्याचा वळ होता.

"हातात हुता?" त्यांनी विचारलं.

"आत्ता सोडला. चप्पल रुतली म्हणून."

तेवढ्यात चाळोबा आला, अनवाणी, उघडाच. आला आणि उभ्या जागी बसला. "दादा, लाईट गेलती रं. मला वाटलं आता काय येत न्हाई... आकडा काढायचा ऱ्हायला. दादा, वैनीला काय..."

मालक उठले. एक शब्द बोलले नाहीत. त्याच्याकडं बघितलंही नाही. वळले आणि घराकडं निघाले.

हा माणूस शिव्या देतो तेव्हा मला भीती वाटत नाही. देऊन झाल्या की जेवायला बसतो. गप झालेलं मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. ते कुठं चाललेत ते मला पाठीवरनं कळलं. मी एका पायात चप्पल, तशीच मागं पळाले. हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही.

मी माजघराच्या दारात पोचले तेव्हा त्यांचा हात वर गेला होता. न बघता, सवयीनं. बोटं मिटली आणि त्यांनी ओढलं. वाळक्या झेंडूच्या पाकळ्या भुईवर सांडल्या. त्यांनी परत ओढलं. हार तुटून हातात आला. तेव्हा कुठं त्यांनी मान वर करून खुंटीकडं बघितलं.

"बंदूक कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"ठाण्यात," मी म्हटलं.

मी खोटं बोलतेय की काय, असं ते माझ्याकडं बघत राहिले. खुंटीला मी लावलेलं कुंकू अजून होतं. मी त्यांचा सदरा धरला. त्यांनी तो झटकला नाही, मला तशीच ओढत मागच्या दारानं बाहेर पडले. मुठी आवळलेल्या, चाल तीच. रिकाम्या हातांनीही काही करतील, अशी मला धास्ती होती. चाळोबा चंद्रीच्या डोक्यापाशी बसलेला. त्यानं मान वर केली, मालकांच्या मुठीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पार पिळवटला.

"हार आणलास व्हय तिला, दादा?"

मालकांनी आपल्या मुठीकडं बघितलं. हार अजून हातात आहे हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं.

चाळोबानं तो त्यांच्या हातातनं काढून घेतला. तुटलेली दोन टोकं बांधली आणि चंद्रीच्या गळ्यात घातला. मग तिच्या मानेवर डोकं टेकून लहान पोरागत रडायला लागला. मालक बांधावर बसले.

"मालन," शेवटी ते म्हणाले. "पानी आण."

मी तांब्या आणला. ते प्यायले नाहीत. तांब्या चाळोबापुढं धरला. "घे," म्हणाले. "आनि ती तार आत्ताच्या आत्ता गुंडाळ."

चाळोबानं त्याच संध्याकाळी आपली दुभती म्हैस आणून आमच्या गोठ्यात बांधली. मालक नको म्हणाले, तो ऐकेना. शेवटी ती आमच्या गोठ्यात राहिली आणि निम्मं दूध त्याच्या घरी जायला लागलं. राहिलेली भातं दोघांनी मिळून राखली. बांधावर राखणीला लाकडी माळा घातला, आळीपाळीनं डबे बडवले. डुकरांनी खाल्लं ते खाल्लं. खोटं कशाला बोलू, बंदूक असती तर जास्ती भात पदरात पडलं असतं.

वाडीत मात्र चाळोबानं आपलीच गोष्ट करून सोडली. चावडीत, लग्नात, तेराव्याला, जिथं चार माणसं बसतील तिथं. "म्हैस मेली, वैनी मरता मरता वाचली. पन माझा दादा एक शब्द बोलला न्हाई. घरात गेला आनि म्हशीसाठी हार घिऊन आला. आसला भाऊ कुनाला हाय?" लोक मालकांकडं बघायचे, माना डोलवायचे. मालक भुईकडं बघायचे. लोकांना वाटायचं, माणूस नम्र आहे.

इलेक्शन झालं, निकाल लागला. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चुलीवर पाणी तापवत होते. मालक समोर बसून जाळ सारत होते.

"कोयता हुता गं," ते एकदम म्हणाले. "मागल्या दारातच हुता. येताजाताना दोनदा त्येच्यापासनं गेलो. सुचलाच न्हाई मला."

बोलायची सवय असलेल्या बाईला गप बसणं किती जड जातं ते मला विचारा.

"सुचला आसता तरी कोयत्यानं त्येच्याजवळ जावं लागलं आसतं. त्येचं त्वांड बघावं लागलं आसतं. तेवढ्यात माझा हात पडला आसता खाली, मला म्हाईत हाय. बंदुकीला तसं न्हाई. ती दारातनंबी उडती." मग लाकूड आत सारून म्हणाले, "बंदूक न्हेली म्हनून तार आली, हे खरं. आनि तार आली तवा बंदूक न्हवती, हेबी खरं. कुनाला शिव्या घालायच्या आनि कुनाच्या पाया पडायचं?"

"पाया पडा," मी म्हटलं. "शिव्या मी घातल्यात आधीच."

ठाण्यातनं निरोप आला, बंदूक घेऊन जा. मालक गेले आणि रिकाम्या हातांनी आले. परवानाही परत करून आले होते. "काय सांगितलासा?" मी विचारलं.

"कारण इचारत हुत्या बाई. मी म्हटलं, घरातली खुंटी मोडली."

खुंटी काही मोडली नव्हती. अजून आहे. दर खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांची पूजा झाली की मी तिला झेंडूचा हार घालते. आता चेष्टेनं नाही घालत. चाळोबाची धाकटी पोर त्या साली पोटात होती, ती आता कॉलेजला जाते. ती मला विचारते, "मोठी आई, खुंटीची कुठं पूजा असती व्हय?" मी म्हणते, "आमच्यात असती."

मगदूम बाई रिटायर होऊन गडहिंग्लजला राहतात, असं गेल्या साली कळलं. नवा वासाचा घनसाळ तांदूळ आला होता. मी म्हटलं, एक पोतं त्यांना द्यायचं.

"तूच जा," मालक म्हणाले. "मला तोंडानं सांगाय यायचं न्हाई."

चाळोबानं टेम्पो काढला. त्याला एवढंच सांगितलं की ओळखीच्या बाई आहेत. बाई वरच्या मजल्यावर राहतात. तो खाली गाडी लावत राहिला, मी जिना चढले. केस पांढरे झालेत, पण बसणं तेच, पाठ ताठ. मी वाडीचं नाव सांगितलं, मालकांचं सांगितलं. त्यांना आठवेना.

"अशा पुष्कळ बंदुका आणल्या बघा," त्या म्हणाल्या. "कुणाकुणाची आठवण ठेवू? जिथं काय घडलं ती घरं आठवतात. जिथं काय घडलं नाही ती नाही आठवत."

"खुंटी मोडली म्हणून परवाना परत केलेला माणूस," मी म्हटलं. "त्याची बायको मी."

बाई हसल्या. "आवो, तो होय! साहेबांपासनं सगळे हसले होते त्या दिवशी. खुंटी मोडली म्हणून बंदूक कोण परत देतं, वैनी? नवी खुंटी ठोकायची."

मग मी त्यांना सांगितलं. चंद्री, कासरा, तुटलेला हार, सगळं. उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, "तुम्ही चढ चढून वर आला नसता तर माझा नवरा जेलात असता आणि एक पोर बापाविना जन्मली असती. त्या दिवशी तुमच्या पाठीमागं मी वाईट बोलले होते. आज पुढं उभी राहून सांगते, तुमचे लई उपकार हायत आमच्यावर."

बाईंनी साडीच्या पदरानं चष्मा पुसला. "आणि तो?" त्यांनी विचारलं. "तो चुलतभाऊ? आहे कुठं?"

जिन्यावर जड पावलं वाजली. चाळोबा पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन दारात आला, वाकलेला, घामाघूम.

"पोतं कुठं ठिवू, बाई?"

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. घरचं माणूस लांबच्या गावाहून सुखरूप आलं की आपण बघतो तसं. मग उठल्या, स्वतः आत जाऊन तांब्या भरून आणला.

"ठेवा तिथंच," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घ्या. दमला असाल."

चाळोबानं पोतं टेकवलं, घटाघटा पाणी प्याला आणि तोंड पुसून म्हणाला, "वैनीनं सांगितलं का न्हाई तुमाला, आमच्या दादाची गोष्ट? म्हशीला हार घातल्याली?"

"सांगितली," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही सांगा परत. मला ऐकायची आहे."